सत्कारात संपलेला इतिहास

मा. संपादक,

मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या आमच्या गावातल्या व्याख्यानाला यंदा गर्दी चांगली होती. पण शाल, श्रीफळ आणि प्रास्ताविकातच निम्मा वेळ गेला. समोर बसलेल्या एक आजी उठून सांगू लागल्या, निजामाच्या बाजूच्या सशस्त्र रझाकारांच्या धाकानं त्यांच्या आईनं रातोरात बैलगाडीतून निजामाच्या राज्याबाहेरच्या बार्शीकडची हद्द कशी गाठली ते. सूत्रसंचालकांनी ‘वेळेअभावी’ म्हणत त्यांना बसवलं. वक्ते मात्र १७ सप्टेंबर १९४८ची तारीख चार वेळा सांगून गेले. ती आमच्या पोरांना पाठच आहे!

अंबाजोगाईत इतिहास सभागृहात कोंडायची गरजच काय? निजामाच्या दप्तरी हे गाव मोमिनाबाद होतं. मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थांनी इथं शाळा चालवली. संतकवी दासोपंतांनी कापडावर ‘पंचीकरण’ हा ग्रंथ लिहिला, ती पासोडी इथलीच. हत्तीखाना लेण्यांतले दगडी हत्ती तर मुलांना फक्त सेल्फीपुरते ठाऊक.

१९ ते २५ नोव्हेंबर हा जागतिक वारसा सप्ताह. एखादं व्याख्यान सकाळी, ऊन चढायच्या आत, हत्तीखान्यात ठेवा. आधी त्या आजींना बोलू द्या, हार-तुरे नकोत. सतरंज्या आम्ही गल्लीतून आणतो.

– एक निवृत्त शिक्षिका, अंबाजोगाई