पंचेचाळीस दिवस गेटपासून मोजा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मार्च उजाडला की चाकण, भोसरी, वाळूज, अंबडमधल्या लघुउद्योजकांचे फोन वाजू लागतात. वर्षभर ‘पुढच्या रनला (बिलांचे पैसे एकत्र सोडण्याच्या ठरावीक दिवशी) लागेल’ असे उत्तर देणारा मोठ्या कंपनीचा अकाउंट्स विभाग आता स्वतःहून थकबाकीचा ताळमेळ मागतो आणि ३१ तारखेच्या आत बिले मोकळी करतो. याचे कारण १९६१ च्या आयकर कायद्याच्या ४३ बी कलमात आलेली आणि आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून लागू झालेली तरतूद. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे देणे मुदत उलटूनही वर्षअखेर थकलेले असेल, तर त्या वर्षी तो खर्च वजावटीस मिळत नाही. प्रत्यक्ष पैसे दिल्याच्या वर्षीच मिळतो. विवरणपत्र भरायच्या तारखेपर्यंत पैसे देऊन सुटण्याची सवलतही इथे नाही. १ कोटी थकले, तर २२ टक्क्यांच्या दराने कर भरणाऱ्या कंपनीला अधिभार व उपकर धरून सुमारे २५ लाखांचा कर त्या वर्षी जादा भरावा लागतो.

तरतूद चांगली आहे, पण ती वर्षातून एकदाच, ३१ मार्चला हिशेब बघते. मेमध्ये थकवलेले बिल डिसेंबरात दिले, तर आयकराला त्याचे काही नाही. मूळ बंधन २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याचे आहे आणि ते वर्षभर चालू असते. लेखी करार नसेल तर १५ दिवस, असेल तर करारातली मुदत, पण कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांपेक्षा जास्त नाही. खरेदी आदेशावर ‘९० दिवस’ छापून पुरवठादाराची सही घेतली, तरी कायद्यापुढे ते ९० दिवस टिकत नाहीत.

संचालक मंडळांचे लक्ष मला वेधायचे आहे ते हे दिवस कोणत्या तारखेपासून मोजले जातात याकडे. कायदा मोजतो माल प्रत्यक्ष पोचल्यापासून. मालाबद्दल तक्रार असेल तर ती १५ दिवसांत लेखी कळवावी लागते. तसे केले तरच मुदत तक्रार निवारल्याच्या दिवसापासून सुरू होते. फोनवरची कुरकुर किंवा चाळिसाव्या दिवशी काढलेली रिजेक्शनची डेबिट नोट (नाकारलेल्या मालाचे पैसे कापल्याची चिठ्ठी) यात बसत नाही.

आता एका बिलाचा प्रवास पाहू. माल ३ जूनला गेटवर आला, मालासोबतच्या चलनावर (डिलिव्हरी चलन) शिक्का पडला. तपासणी होऊन जीआरएन (माल स्वीकारल्याची अंतर्गत नोंद) निघाला १४ जूनला. बिल सिस्टीममध्ये चढले २२ जूनला. संगणक ४५ दिवस मोजतो ते २२ जूनपासून, म्हणजे देय तारीख येते ६ ऑगस्ट. पेमेंट रन महिन्याच्या १० आणि २५ तारखेला, म्हणून पैसे सुटले १० ऑगस्टला. अहवालात हे बिल जवळपास वेळेवर दिसते. कायद्याने शेवटची तारीख होती १८ जुलै. पुरवठादाराला पैसे मिळाले ६८ व्या दिवशी.

याच बिलावरचा जीएसटीही बघा. १० लाखांच्या मालावर १८ टक्क्यांनी १ लाख ८० हजार कर. मासिक विवरणपत्र भरणारा पुरवठादार हा कर २० जुलैला भरतो, तोही बहुधा सीसी (कॅश क्रेडिट) कर्जखात्यातून, बँकेला व्याज देऊन. त्याच दिवशी खरेदीदार कंपनी या १ लाख ८० हजारांचे क्रेडिट (खरेदीवरील कराची वजावट) घेऊन स्वतःचा कर तेवढ्याने कमी करते. बिलाचा एक रुपयाही अजून दिलेला नसतो! १८० दिवसांत पैसे दिले तर ते क्रेडिट परतही करावे लागत नाही. लहान उद्योगाचे खेळते भांडवल असे दोन्ही बाजूंनी मोठ्याच्या कामी येते. लेखापरीक्षण समितीत यावर चर्चा झालीच पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

उशिराच्या व्याजाचे तर नावच निघत नाही. रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढीने ते देय असते, करारात काहीही लिहिलेले असो. बँक दर साडेपाच टक्के धरला तर व्याजाचा दर होतो साडेसोळा. १० लाख रुपये चार महिने उशिरा दिले, तर सुमारे ५६ हजार रुपये व्याज. हे व्याज आयकरात वजाही होत नाही. ते मागितले की पुढची ऑर्डर बंद होण्याची भीती असते, म्हणून कोणी मागत नाही. परंतु पुरवठादाराने मागितले तरच द्यायचे, अशी अट कायद्यात नाही. उशीर झाला की देणे लागू झाले. ‘व्याजाचा दावा नाही’ अशी पत्रे लिहून घेणाऱ्या खरेदी विभागांना हे त्यांच्याच कंपनी सचिवांनी समजावून सांगायला हवे.

जाहीर आकड्यांतून यातले फारसे कळत नाही. ताळेबंदाच्या टिपणांत देण्यांचे वय दाखवावे लागते, पण पहिला गटच ‘एक वर्षापेक्षा कमी’ असा आहे; २० दिवसांचे आणि ३०० दिवसांचे बिल त्यात शेजारी बसते. सेबीच्या शाश्वतता अहवालात देणी किती दिवसांत फेडली हे सांगावे लागते, तेही सगळ्या पुरवठादारांची सरासरी काढून. पोलादाच्या बड्या पुरवठादाराला आगाऊ दिलेले पैसे त्या सरासरीत लहानाचा उशीर झाकून टाकतात. कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे लहान उद्योगांच्या थकबाकीचे एमएसएमई-१ हे अर्धवार्षिक विवरणपत्र जाते, एप्रिल ते सप्टेंबरचे ३१ ऑक्टोबरपर्यंत आणि उरलेल्या सहामाहीचे ३० एप्रिलपर्यंत. ते न भरल्यास २० हजारांपासून कमाल ३ लाखांपर्यंत दंड आहे. मात्र त्यातले आकडे येतात कंपनीच्या व्हेंडर मास्टरमधून, म्हणजे पुरवठादारांच्या मूळ यादीतून. तिथे उद्यम क्रमांकाचा (लहान उद्योगांच्या सरकारी नोंदणीचा) रकाना रिकामा असेल, तर तो पुरवठादार विवरणपत्रात येतच नाही.

हा रकाना एकदा भरून भागत नाही. १ एप्रिल २०२५ पासून व्याख्या बदलली. लघु उद्योगाची मर्यादा आता यंत्रसामग्रीतील गुंतवणूक २५ कोटी आणि उलाढाल १०० कोटी अशी आहे. पूर्वी ती १० आणि ५० होती. काल मध्यम म्हणून बाहेर असलेले कित्येक उद्योग आज संरक्षणात आले. दरवर्षी एप्रिलमध्ये प्रत्येक पुरवठादाराचे उद्यम प्रमाणपत्र पोर्टलवर नव्याने पडताळायला हवे. ट्रेड्स, म्हणजे मान्य झालेल्या बिलावर लवकर पैसे मिळवून देणारा ऑनलाइन मंच, त्याचेही कागदावरच भागते. २५० कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना ३१ मार्च २०२५ पर्यंत नोंदणीची सक्ती झाली, पण नोंदणी करून एकही बिल तिथे न स्वीकारणारी कंपनीही नियमात बसते. बिल मान्य झाल्याशिवाय पुरवठादाराला तिथून पैसे मिळत नाहीत.

कंपन्यांनी करायचे काम अवघड नाही. सिस्टीममध्ये मुदतीची सुरुवात गेट एन्ट्रीच्या तारखेला बांधा. सूक्ष्म व लघु पुरवठादारांसाठी पेमेंट रन दर आठवड्याला ठेवा. मुदत उलटलेल्या बिलावर व्याजाची तरतूद आपोआप पडू द्या, म्हणजे खरेदी प्रमुखाला उशिराची किंमत त्याच्या खर्चाच्या पत्रकात दिसेल. कंपनीची तक्रार यंत्रणा कायद्याने संचालक व कर्मचाऱ्यांपुरती आहे. ती पुरवठादारांनाही खुली करा आणि त्यांची तक्रार खरेदी विभागाकडे परत पाठवू नका.

पुरवठादारांनीही बिलावर आणि चलनावर उद्यम क्रमांक छापावा. नोंदणी माल देण्याआधीची हवी, नंतर काढलेल्या क्रमांकावर वाद होतात. गेटचा शिक्का असलेली चलनाची प्रत जपून ठेवावी, कारण थकबाकीचे वाद सोडवणाऱ्या सुविधा परिषदेपुढे पोच सिद्ध करताना तीच लागते. तिथे ऑनलाइन अर्ज करता येतो, आणि परिषदेच्या निवाड्याला आव्हान द्यायचे तर खरेदीदाराला आधी ७५ टक्के रक्कम न्यायालयात भरावी लागते.

३१ ऑक्टोबरच्या विवरणपत्रापूर्वी होणाऱ्या बैठकीत स्वतंत्र संचालकांनी लहान पुरवठादारांची कोणतीही दहा बिले स्वतः निवडावीत आणि त्यांच्या गेट रजिस्टरमधील नोंदी व बँकेतून पैसे गेल्याच्या तारखा समोर मागवाव्यात. बिले निवडण्याचे काम मात्र अकाउंट्स विभागावर सोपवू नये.

आपला,
लघुउद्योगांचे हिशेब पाहणारा एक सनदी लेखापाल, पुणे