‘बिगाइल’चा अर्धाच अर्थ

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या शैक्षणिक पुरवणीतील इंग्रजी शब्दांच्या चौकटीत ‘बिगाइल’ या क्रियापदापुढे ‘फसवणे’ एवढाच अर्थ छापला आहे. तो चुकीचा नाही, पण अर्धा आहे. तेवढाच पाठ करून गेलेली मुले ‘बिगाइलिंग स्माइल’चे ‘फसवे हास्य’ करून मोकळी होतात; शिकवणीच्या वह्यांत मी हे नेहमी पाहतो. मैफलीच्या परीक्षणात श्रोते ‘बिगाइल’ झाले असे लिहिले असेल, तर ती गाणाऱ्याची तारीफ असते. तिकिटाचे पैसे बुडाल्याची तक्रार नसते!

या शब्दाच्या पोटात ‘गाइल’ हे नाम आहे. ते जुन्या फ्रेंचमधून आले, अर्थ कावा, कपट. नामाचा काळेपणा आजही गेलेला नाही. ‘गाइललेस’ माणूस म्हणजे निष्कपट माणूस. क्रियापद मात्र काळाच्या ओघात बरेच निवळले. 1611च्या किंग जेम्स बायबलात ते अजून गढूळ आहे. सर्पाने मला ‘बिगाइल’ केले म्हणून मी फळ खाल्ले, असे हव्वा देवाला सांगते. पुढे याकोब राहेलीसाठी सात वर्षे राबतो आणि लग्नानंतर सकाळी पाहतो, तर शेजारी तिची थोरली बहीण लेआ. संतापून तो सासऱ्याला जाब विचारतो, तेव्हा त्याच्याही तोंडी हेच क्रियापद आहे. सर्पाच्या बोलण्यात निदान गोडवा तरी असेल. लाबानाने जावयाला सरळसरळ गंडवले.

खरी गंमत शेक्सपिअरकडे आहे. ‘बिगाइल द टाइम’ हे तीन शब्द त्याच्या दोन नाटकांत येतात. ‘मॅकबेथ’मध्ये लेडी मॅकबेथ नवऱ्याला पढवते, त्याचा मतलब असा : लोकांच्या डोळ्यांत धूळ फेकायची तर चारचौघांसारखाच चेहरा ठेव. ‘ट्वेल्फ्थ नाइट’मध्ये अँटोनियो सेबॅस्टियनला म्हणतो, मी जेवणाचे सांगून ठेवतो, तोवर तू गावात हिंडून वेळ काढ. पहिल्या ठिकाणी खुनाची तयारी, दुसऱ्या ठिकाणी जेवणाची.

म्हणून मुलांना आधी क्रियापदाचे कर्म बघायला शिकवावे. कर्म वेळ असेल, तर अर्थ मन रमवणे, वेळ मजेत घालवणे. कर्म माणूस असून पुढे ‘इनटू’ आले, तर गोड बोलून त्याला काहीतरी करायला लावले. ‘आउट ऑफ’ आले, तर त्याच्याकडचे काहीतरी उपटले. यांपैकी काहीच नसेल, तर वाक्याचा सूर पाहावा. ‘बिगाइलिंग’ हे विशेषण बहुतेक वेळा कौतुकाचेच असते, पण थोडे जपून केलेल्या कौतुकाचे. या मोहकतेत माणूस वाहवत जाईल, अशी पुसट शंका त्यात उरतेच.

मराठीत याच्या सर्वांत जवळ ‘भुलवणे’ येते. पुढारी आश्वासनांनी भुलवतो, आई रडक्या बाळाला खुळखुळ्याने भुलवते आणि दोन्ही वाक्ये आपल्याला बिनतक्रार कळतात. वेळेला मात्र आपण भुलवत नाही, तिथे ‘रमणे’च हवे.

यापुढे प्रत्येक शब्दाखाली निदान दोन वाक्ये द्यावीत, ही विनंती. जागा कमी पडत असेल तर शेजारचे राशिभविष्य दोन ओळींनी आखडले तरी चालेल.

आपला,
एक निवृत्त इंग्रजी शिक्षक, सांगली