सुभेदार साहेब, थँक्यू म्हटलं की तुम्ही फोन ठेवता, म्हणून इथं लिहितेय

सुभेदार साहेब, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव लिहीत नाही, लिहिलं तर चिडणार हे माहितेय. फोनवर आभार मानायला गेलं की "बरं बरं, ठेवतो" म्हणून कट करता, पैशांचं काढलं तेव्हा तर परत दारात यायचं नाही असा दम दिला होता. मग आम्ही करायचं काय? म्हणून इथं उघड्यावर लिहितेय, रागवायचं असेल तर रागवा. परवा आईची फॅमिली पेन्शन जमा झाली, मागच्या सगळ्या एरियर्ससकट. पासबुकात एन्ट्री मारून आणली, आईनं चष्मा लावून बघितली आणि पहिला प्रश्न काय, तर "सुभेदारास्नी कळवलंस का?" तर कळवतेय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. बाबा मराठा लाइट इन्फंट्रीतनं हवालदार म्हणून रिटायर झाले. आमचं गाव शिरोळ तालुक्यात. सैनिक टाकळी तुम्हा सगळ्यांना ऐकून माहीत असेल, तो सगळाच पट्टा फौजींचा, दर दोन घरांआड एक तरी मिलिटरीतला. बाहेरच्यांना वाटतं अशा गावात बायकांना पेन्शनचं सगळं तोंडपाठ असणार. कसलं काय. पेन्शन बाबांची, ईसीएचएस (माजी सैनिकांची दवाखान्याची योजना) बाबांनी बघायचं, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा कागद) बाबांच्या ट्रंकेत, आईच्या वाट्याला फक्त कॅन्टीनच्या सामानाची पिशवी. आमच्याकडं तरी असंच होतं आणि बहुतेक घरांत असंच असतंय.

तुमचा नंबर आम्हाला बाबांमुळं मिळाला. २०२० च्या नोव्हेंबरात कोरोनाच्या भीतीनं सगळे म्हातारे फौजी हयातीच्या दाखल्यासाठी जीव मुठीत धरून बँकेत जात होते, तेव्हा तुम्ही एकेकाला फोन लावून सांगत होता की घाई करू नका, तारीख पुढं गेलीय. आधी ३१ डिसेंबर झाली, मग २८ फेब्रुवारी. पोस्टमन ७० रुपयांत घरी येऊन अंगठा घेतो हे पण बाबांना तुम्हीच सांगितलं. बाबांनी तुमचा नंबर पाकिटातल्या आयकार्डाच्या मागं चिठ्ठीवर लिहून ठेवला होता, "क्लार्क सुभेदार, कोल्हापूर, भला माणूस" एवढंच. नाव नाहीच. 😄

मग मे २०२१. त्या महिन्याबद्दल जास्त लिहिणार नाही. कोल्हापुरात तेव्हा काय चाललं होतं ते इथं सगळ्यांनीच भोगलंय, बेड मिळेना, इंजेक्शन मिळेना, रस्त्यावर चिटपाखरू नाही. बाबांना घेऊन एका हॉस्पिटलात गेलो तर ईसीएचएसचं कार्ड बघून "हे आमच्याकडं चालत नाही, डिपॉझिट भरा". रात्री अकराला तुम्हाला फोन लावला, ओळख ना पाळख, आणि तुम्ही म्हणाला "आधी ॲडमिट करा, कागदाचं मी बघतो, ४८ तासांच्या आत ईसीएचएसच्या पॉलिक्लिनिकला कळवायचं एवढं लक्षात ठेवा, एकेक बिल जपून ठेवा." सकाळी परत तुमचाच फोन, कळवलं का म्हणून. बाबा राहिले नाहीत साहेब, पण त्या रात्री निदान एक माणूस तरी सरळ बोलला.

त्यानंतर जे सुरू झालं त्याला तोड नाही. पीपीओवर आईचं लग्नात ठेवलेलं नाव, आधारवर माहेरचं. आपल्याकडं किती बायकांचं असं असेल! बँकेत म्हणाले ही बाई तीच कशावरनं. मी म्हटलं चाळीस वर्षं संसार केलाय, गाव साक्ष देईल. तर गावाची साक्ष चालत नाही म्हणे, रेकॉर्ड पाहिजे. रेकॉर्ड म्हणजे बाबांचं डिस्चार्ज बुक, नोकरीच्या सगळ्या नोंदी असलेलं, आणि ते २०१९ च्या महापुरात ट्रंकेसकट भिजलेलं. बाबांनी तेव्हा पत्र्यावर वाळवलं होतं, पण पानं एकमेकांना चिकटून पापडासारखी कडक झालेली. ते घेऊन मी एका ऑफिसात गेले (कुठलं ते सांगत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळेल). तिथं कोरोनामुळं कागद हातात घेत नव्हते, दारात खोका ठेवलेला, त्यात टाका आणि उद्या या. ठीक आहे, भीती सगळ्यांनाच होती, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण दुसऱ्या दिवशी काचेमागच्या माणसानं ते बुक फुटपट्टीनं ढकलत ढकलत माझ्याकडं परत सरकवलं, घाण सरकवावी तसं, आणि म्हणाला "हे असलं नाही चालत, डुप्लिकेट काढा". कुठनं काढायचं, कसं काढायचं, काही नाही. वर बाहेर एक एजंट उभाच, साहेबांना द्यावे लागतील म्हणून आकडा सांगायला तयार. १५ ऑगस्टला ह्याच लोकांच्या स्टेटसला सैनिकांना सलाम असतोय, ते बघून अंगाची लाही होते.

आणि मग आम्ही तुमच्याकडं आलो. आई यायला तयारच नव्हती, "आता कुणाच्या दारात जायाचं न्हाई" म्हणून बसलेली. तुमच्या व्हरांड्यात दोन खुर्च्या लांब लांब ठेवलेल्या, मध्ये टेबल, टेबलावर धुतलेला पांढरा टॉवेल. मी पिशवीतनं डिस्चार्ज बुक काढलं आणि सवयीनं टेबलावर ठेवायला गेले, तर तुम्ही उठून दोन्ही हात पुढं केले आणि दोन्ही हातांनी घेतलं. साहेब, तेव्हा कोण कुणाच्या वस्तूला हात लावत नव्हतं. आमच्या घरात कोरोना होऊन गेलेला, हे तुम्हाला माहीत होतं.

तुम्ही आतनं एक जुनं पोस्टकार्ड आणलं. त्याची कड दोन पानांच्या मध्ये घालून इतकं हळू सरकवत होता की मला बघवेना. मास्कमुळं चष्म्यावर वाफ यायची, थांबायचा, पुसायचा, परत तिथनंच चालू. एक पान सुटलं की त्याखाली कोरा कागद. आई शेवटी म्हणाली, "फाटलं तर फाटू द्या ओ, किती वेळ तरास घेताय." त्यावर तुम्ही मान पण वर केली नाही, म्हणाला, "फाटू द्या कसं म्हणता वहिनी, हवालदारसाहेबांची नोकरी हाय ही."

बाबा गेल्यापासनं आई रडली नव्हती. त्या वाक्याला रडली. मी काही लिहू शकत नाही त्याच्यावर जास्त.

ते पान सुटलं तेव्हा त्यावर शाई पसरलेली होती, पण वाचता येत होतं. युनिटमधल्या कुठल्यातरी क्लार्कनं, देव त्याचं भलं करो, लग्नाची नोंद करताना दोन्ही नावं लिहिली होती, मध्ये उर्फ घालून. तुम्ही ते बघून पोरासारखे हसला. म्हणाला, "बघा, आमच्या क्लार्कांना सगळे शिव्या घालतात!" पुढचं बेळगावचं रेकॉर्ड ऑफिस, प्रयागराजचं पेन्शन ऑफिस, कॉरिजेंडम (म्हणजे दुरुस्तीचा) पीपीओ, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा सही शिक्का, ते सगळं मी इथं लिहीत बसत नाही, लोकं पळून जातील. मध्ये जुलैत परत पाणी आलं, गावाचा रस्ता बंद, तरी तुमचा निरोप आला की कागदांची झेरॉक्स माझ्याकडं आहे, काळजी करू नका, ट्रंक वरच्या मजल्यावर न्या. आईची बीपीची गोळी लॉकडाऊनमध्ये पॉलिक्लिनिकात मिळेना, तर बाहेरनं घ्या, बिल ठेवा, पैसे परत मिळतात हे पण तुम्हीच सांगितलं. ऑक्सिमीटरचे सुद्धा तेव्हा कोरोनात १२०० रुपयांपर्यंत मिळत होते, हे तर आमच्या गल्लीतल्या निम्म्या फौजींना माहीत नव्हतं, मग मी सगळ्यांना सांगत सुटले.

मला खरंच कळत नाही, नियम तर सगळीकडं तेच होते ना? काचेमागच्या माणसाकडं पण तेच आणि तुमच्याकडं पण तेच, उलट तुमच्याकडं ना खुर्ची ना शिक्का. त्यानं फक्त एवढं सांगितलं असतं की ताई अमुक ठिकाणी जा, तरी मी त्याला दुवा दिला असता. चांगुलपणाला काही बजेट लागत नाही हो. असो, जास्त बोलले तर तुम्ही म्हणाल भाषण नको.

आईनं निरोप दिलाय. पौर्णिमेला नरसोबाच्या वाडीला दर्शनाला याल तेव्हा जेवायला आमच्याकडंच यायचं, आणि काकूंना घेऊन यायचं. पैसे घेत नाही ठीक आहे, पण वाडीची बासुंदी आणि कवठाची बर्फी नाही म्हणायची नाही, त्यावर तुमचा कुठलाच नियम चालणार नाही असं ती म्हणते.

आणि अजून एक, हे लिहायला जरा लाज वाटतेय. आमच्या मागच्या गल्लीत एक काकू आहेत, त्यांचे मालक पण फौजीतले, मागच्या वर्षी गेले. त्यांचं पण नावाचंच लफडं, शिवाय पीपीओ पुरात गेलेला, झेरॉक्स तेवढी आहे, ती पण अर्धी. मी त्यांना म्हटलंय एक साहेब आहेत म्हणून. रविवारी सकाळी दहाला घेऊन आले तर चालेल का? पोस्टकार्ड मी आणते.