मोटरच्या चाकाला हात लावणाऱ्या भाऊंना

सक्करदऱ्याकडच्या सायकल दुकानाचे भाऊ,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र सगळ्यांसमोर लिहायला कारण तुम्हीच आहात. दुकानात येऊन आभार मानायला लागले की तुम्ही "बसा जी ताई, चहा सांगतो" म्हणून विषयच मोडता. शिवाय नागपुरात इलेक्ट्रिक सायकल घेऊन माझ्यासारखेच दारोदार फिरणारे आता बरेच झाले आहेत, त्यांच्याही हे वाचनात यावं. नाव आणि गल्ली लिहायची नाही असं तुम्ही बजावलं आहे, ते पाळते. गर्दी झाली तर पंक्चरवाल्या पोरांना कोण पाहणार, हे तुमचं म्हणणं मला पटलं.

वाचणाऱ्यांसाठी आधी थोडं सांगते. मी मानेवाड्याला राहते आणि लक्ष्मीनगरकडच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा सांभाळते. गुडघ्यांनी साध्या सायकलला नकार दिला, स्कूटर मला नको होती, म्हणून मागच्या चाकात मोटर असलेली सात गिअरची सायकल घेतली. नवतप्याच्या उन्हातसुद्धा ती कुरकुरली नाही. पण पावसाच्या तोंडावर पेडलवर जोर दिला की 'कट्' असा आवाज होऊन चेन दात्यांवरून उडायची आणि पाय एकदम रिकामा पुढे जायचा. सपाट रस्त्यावर चालून जायचं, पण अजनीच्या पुलाच्या चढावर, मागे बस हॉर्न मारत असताना हे झालं की जीव मुठीत यायचा.

मग सुरू झाली फिरफिर. स्कूटरच्या गॅरेजवाल्याने "ही तर सायकल आहे" म्हणून परत पाठवलं, सायकलवाल्याने "ही तर करंटची आहे" म्हणून. कायद्यातही ही गाडी अशीच अधलीमधली आहे. मोटर 250 वॅटच्या आत आणि वेग ताशी 25 किलोमीटरच्या आत असेल तर नोंदणी नको, नंबरप्लेट नको, लायसन नको. घेताना हे ऐकून फार बरं वाटतं. मात्र आरटीओसोबत गॅरेजवालाही सुटतो, हे विकणारा सांगत नाही. शेवटी एका चकचकीत दुकानात नवी चेन बसवून मिळाली. ती जुन्या चेनपेक्षाही जास्त उडू लागली. परत गेले तर उत्तर मिळालं की दोष मोटरमध्ये आहे, मागचं अख्खं चाक मोटरसकट बदला. आकडा ऐकून मी नुसतीच बाहेर आले.

तुमच्याकडे आले तेव्हा तुम्ही मोटरकडे पाहिलंही नाही. पहिला प्रश्न विचारलात, "जुनी चेन फेकली तं नाही ना, ताई?"

सुदैवाने ती पिशवीत तशीच पडून होती. तुम्ही ती खिळ्याला लटकवली, चिंधीने पुसली आणि स्टीलची फूटपट्टी लावली. सायकलच्या चेनची एक कडी अर्ध्या इंचाची, म्हणजे चोवीस कड्यांना बरोबर बारा इंच भरायला हवेत. शून्याची रेघ एका पिनेच्या मध्यावर धरून तुम्ही खाली बोट ठेवलंत. चोविसावी पिन बाराच्या रेघेवर नव्हतीच, चांगली एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, पुढे सरकली होती. "पाहा, पुरी एक सूत वाढून राहिली. चेन अर्धा सूत वाढली का बदलून टाकायची. एक सूत झाली म्हणजे ते मागच्या दात्यायले खाऊनच सोडते."

प्रयोगशाळेत आयुष्य गेलेल्या बाईला याहून चांगलं निदान कोणतं? मी ती चेन कॉलेजात नेऊन व्हर्नियरने पुन्हा मोजली (सवय जात नाही). दहा कड्यांना 127 मिलिमीटर हवेत, माझ्या चेनला 128 च्या वर भरले. तुमची फूटपट्टी आणि आमचं व्हर्नियर, दोघांचं उत्तर एकच.

लोक म्हणतात चेन ताणली गेली. लोखंड काही ताणलं जात नाही, पिना आणि त्यांची भोकं आतून झिजतात. प्रत्येक कडीत केसाएवढी फट पडते आणि तशा शंभराच्या वर कड्यांच्या फटी जमून चेन लांब होते. लांब चेन दात्यांवर थोडी वर चढून बसते आणि दाते हळूहळू तिच्याच मापाचे घासून घेते. त्यावर नवी, नेमक्या मापाची चेन टाकली की ती त्या दात्यांत बसत नाही. जोर आला की वर चढते आणि उडते. म्हणजे त्या दुकानातली नवी चेन चांगलीच होती, तिला बसायला जागा चांगली नव्हती. तुम्ही मागच्या चाकावरच्या दातेरी चक्रांतलं सगळ्यात छोटं चक्र टॉर्चच्या उजेडात दाखवलंत तेव्हा हे सांगायचीही गरज उरली नाही. तिसऱ्या-चौथ्या चक्राचे दाते दोन्ही बाजूंनी सारखे होते. चौदा दात्यांचं ते छोटं चक्र मात्र एका बाजूने खोल कोरलेलं, दात्यांची टोकं वाघनखासारखी पुढे वाकलेली.

छोटंच का, हेही तुम्ही सांगितलंत. मोटर ढकलत असते म्हणून आमच्यासारखे लोक सिग्नलवरूनसुद्धा सातव्या गिअरवरच निघतात. चौदा दाते, त्यातले निम्मेच एका वेळी चेनच्या कवेत, आणि जड गाडी हलवायचा पायाचा सगळा जोर तेवढ्यांवर. त्या दिवशी तुमच्याकडे एका डॉक्टरांची सायकल उलटी टांगलेली होती, मोटर पेडलपाशी असलेली. तिची गत आणखी वाईट. माझ्या सायकलीत मोटर थेट चाक फिरवते, तिचा जोर चेनवर येतच नाही. त्या सायकलीत माणसाचा आणि मोटरचा, दोघांचा जोर एकाच चेनमधून मागे जातो. म्हणून तिथे चेन आणि चक्रं फारच लवकर संपतात.

त्याच सायकलीवर तुम्ही मला कॅसेट आणि फ्रीव्हील यांतला फरक दाखवलात. डॉक्टरांच्या चाकाला कॅसेट होती. खाचांच्या नळीवर चक्रं सरकवून वरून एका रिंगने आवळलेली, आणि 'कर्र' आवाज करणारी यंत्रणा चाकाच्या हबमध्येच राहणारी. ती रिंग सोडवताना चक्रं फिरू नयेत म्हणून चेनचा तुकडा लावलेल्या दांड्याने ती धरून ठेवावी लागतात. रिंग निघाली की चक्रं हातात येतात, आणि छोटी एक-दोन सुटीही बदलता येतात. माझं होतं फ्रीव्हील. चक्रं आणि 'कर्र' यंत्रणा एकाच डब्यात, आणि तो अख्खा डबा मोटरच्या अंगावर आट्यांनी बसवलेला. नेटवर कॅसेट मागवून तुमच्याकडे घेऊन येणाऱ्यांना तुम्ही आधी चाक काढायला का लावता, ते मला त्या दिवशी समजलं.

इथपर्यंत चांगला कारागीर कोणीही करेल. माझं पत्र खरं तर पुढच्या गोष्टीसाठी आहे.

फ्रीव्हील सोडवायचं टूल तुमच्याकडे होतंच, प्रत्येक सायकलवाल्याकडे असतं. पण साध्या सायकलच्या मागच्या चाकाचा एक्सल 10 मिलिमीटरचा आणि मोटरच्या चाकाचा 12 चा. टूल एक्सलवरून आतच जाईना. बाकीच्यांनी 'मोटरचं चाक आहे, आम्ही हात लावत नाही' असं का सांगितलं असेल त्याचा उलगडा तिथे झाला. भीती विजेची असेल असं मला वाटत होतं, अडचण दोन मिलिमीटरची होती. तुम्ही मला घरी जायला सांगितलंत आणि रोजच्या वापरातलं ते टूल खिशात घालून लेथवाल्याकडे गेलात. पोलाद कडक आहे, पातळ होऊन तडकेल, म्हणून त्याने आधी नकार दिला हे मला तुमच्याकडच्या पोराने सांगितलं. तुम्ही तिथे उभं राहून आतून कोरून घेतलंत. एका अनोळखी बाईच्या सायकलसाठी स्वतःचं चालू हत्यार पणाला लावणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. तडकलं असतं तर त्या दिवसाची बाकीची कामंही अडली असती.

दुसऱ्या दिवशी काम करताना मला स्टुलावर बसू दिलंत, त्याचेही आभार. बॅटरी आधी उतरवून बाजूला ठेवलीत. मोटरच्या वायरचा प्लग सोडण्यापूर्वी त्यावरचे बाण कुठे जुळतात ते मला मोबाइलवर टिपायला लावलंत. 18 चा पाना लावून नट काढलेत, आणि एक्सलवरचा तो कानवाला वायसर ज्या क्रमाने निघाला त्याच क्रमाने कागदावर मांडून ठेवलात. तो वायसर उलटा किंवा ढिला बसला तर मोटर जोर लावताना एक्सलच फिरतो आणि वायर पिळून तोडतो, हे सांगताना तुमचा आवाज पहिल्यांदाच चढला. पोराला ते पाठ व्हावं म्हणून असेल.

मग टूल खाचांत बसवलंत आणि निसटू नये म्हणून वरून एक्सलचा नट हलकाच लावलात. टूल वाइसमध्ये, म्हणजे बाकावरच्या लोखंडी पकडीत, आवळून तुम्ही आणि पोरगा, दोघांनी मिळून ते जड चाक डावीकडे वळवायला घेतलंत. हलेचना. आदल्या रात्री तेल सोडलेलं होतं तरी हलेना. "इतकं घट्ट काऊन आहे म्हणता? तुम्हीच तं रोज पायानं आवळून राहिले." खरंच, पेडल मारलं की फ्रीव्हीलच्या आट्या आणखी आवळल्या जातात. पुन्हा जोर लावलात आणि 'टक्क' झालं. तुम्ही लगेच थांबून वरचा नट सैल केलात, नाहीतर टूल नटावर दाबलं जाऊन दोन्ही बिघडतात. त्यानंतर ते हातानेच फिरत बाहेर आलं.

नवं फ्रीव्हील जुन्याच मापाचं, 14 ते 28 दात्यांचं. आट्यांना ग्रीस लावून बसवलंत, पुढच्या वेळी ते सोडवणाऱ्याला, म्हणजे तुम्हालाच, त्रास नको म्हणून. आधीची नवी चेन फार चाललेली नव्हती. तिला फूटपट्टी लावून "हे चालते" म्हणालात आणि तीच ठेवलीत. पुढचं मोठं चक्रही बदलून टाका असं मी म्हटलं, तर त्याला दाते जास्त, ते सावकाश झिजतं, अजून बरंच चालेल म्हणून तुम्ही साफ नाही म्हणालात. गिऱ्हाईक पैसे काढून उभं असताना तुम्ही तो माल विकला नाहीत. शेवटी वायर खाली लोंबती वळवून बांधलीत, पावसाचं पाणी ओघळून खाली पडावं, प्लगात जाऊ नये म्हणून. अजनीचा पूल मी त्याच संध्याकाळी चढले. आवाज नाही, पाय घसरणं नाही.

तुम्ही सांगितलेलं सगळं पाळते आहे. सिग्नल यायच्या आधी तिसऱ्यावर येते, निघाल्यावर हळूहळू वर. चढावर जोर असताना गिअर बदलत नाही. तेल आत पाहिजे, बाहेर नाही, म्हणून पातळ तेलाचा एकेक थेंब कडीवर सोडून बाकीचं चिंधीने पुसून काढते. आपल्याकडची उन्हाळ्यातली धूळ ओल्या चेनवर बसली की तिचा पॉलिश पेपरच होतो. आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी फूटपट्टी लावते. यजमान हसतात, हसू देत.

एका बाबतीत मात्र माझं तुमच्याशी पटत नाही, तेही लिहूनच टाकते. फ्रीव्हीलची किंमत आणि साध्या सायकलची मजुरी, एवढेच पैसे तुम्ही घेतलेत. लेथवाल्याला दिलेले पैसे लावले नाहीत, "टूल तं माह्याच कामाचं झालं ना" म्हणून. भाऊ, हे बरोबर नाही. मोटरचं चाक काढणं हे साध्या चाकापेक्षा जास्त वेळाचं आणि जोखमीचं काम आहे. त्याचा वेगळा दर लावा आणि पाटीवर लिहा. ज्यांना अख्खं चाक बदलायला सांगितलं गेलंय ते तुमचा दर आनंदाने देतील. लेथचे पैसे मी पाकिटात घालून पोराजवळ दिले आहेत. परत पाठवू नका.

आता एक काम. आमच्या ऑफिसातल्या क्लर्क मॅडमची सायकलही उडायला लागली आहे, मागच्या चाकात मोटर, गिअर सातच. जुनी चेन फेकू नका असं त्यांना आधीच सांगून ठेवलं आहे. मात्र त्यांच्या मोटरची वायर फ्रीव्हीलच्याच बाजूने, एक्सलच्या आतून बाहेर निघते. तेव्हा त्यांचा प्लग तुमच्या टूलच्या भोकातून पार होईल की नाही, ते पाहून ठेवा. प्लगशेजारी फूटपट्टी धरून काढलेला फोटो पाठवला आहे. होत नसेल तर लेथवाल्याकडे जाण्यापूर्वी कळवा, या वेळी पैसे आधी येतील. पोळ्याचा करीचा दिवस संपला की आम्ही दोघी येतो.

आपली,
मानेवाड्याची ताई