वरचे सहाशे

चिंचवड,
२३ नोव्हेंबर २०२५

ती. आई-बाबांस,
सुनीचा शि. सा. नमस्कार.

पत्र बघून घाबरू नका, आम्ही सगळे ठीक आहोत. फोनवर बोलायला गेलं की बाबा "बरं बरं, ठेव आता, बिल वाढतंय" म्हणतात (बिल वाढत नाही बाबा, किती वेळा सांगू) आणि आई भाजी काय केलीस ते विचारत बसते. म्हणून लिहायला घेतलं. आई, पत्र तू स्वतः वाच. बाबांना वाचायला दिलंस तर नको ती वाक्यं गाळतील.

आधी पाडव्याचं. टीव्हीवर लाडक्या बहिणीच्या केवायसीची बातमी लागली होती आणि मी म्हणाले, "घ्या, मिळाली भावाची ओवाळणी!" तू काही बोलली नाहीस. उठून गॅस पुसायला लागलीस. गॅस स्वच्छ होता. एसटीत साताऱ्यापर्यंत तेच डोळ्यांपुढे येत होतं. मी बोलायला नको होतं.

आई, तुझ्या पाठीमागे मी ते कॅलेंडर चाळलं. गॅसच्या तारखा, दूधवाल्याचे खाडे, भिशीचा नंबर, आणि दर महिन्याच्या कोपऱ्यात लाडक्या बहिणीचे २१००, निवडणुकीत कबूल केलेले. मग त्यावर काट आणि शेजारी १५००, खरे आलेले. मार्चपर्यंत तू २१०० लिहून खोडत होतीस. पुढे नुसते १५००. सप्टेंबरचा कोपरा कोरा. सप्टेंबरात तू पासष्टची झालीस आणि योजनेतली बहीण २१ पासून ६५ पूर्ण होईपर्यंतच. त्यात कुणाचा दोष नाही, नियमच तसा आहे. पण बजेटात २१०० चं नाव नाही म्हणून सगळे ओरडले, तेव्हा सरकारकडून उत्तर आलं होतं की जाहीरनामा पाच वर्षांचा असतो. पाच वर्षांत तू सत्तरीला टेकशील, हे कुणी धरलं नव्हतं.

मिळालं ते मिळालं, ते मी नाकारत नाही. रक्षाबंधनाच्या आधी तीन हजार आले तेव्हा तू बँकेत दोनदा पासबुक भरून घेतलंस. चौदा हप्ते, एकवीस हजार. तुझ्या एकटीच्या नावावर, कुणाला न विचारता खर्चायचे, असे पैसे तुला जन्मात पहिल्यांदा मिळाले असतील. मला त्याची किंमत कळली नाही. "सरकारच्या पैशाची कसली वाट बघतेस" असं मी तेव्हाही म्हटलं होतं.

आणि बाबा, तुम्हाला मी हसले त्याबद्दलही. ५ नोव्हेंबर २०२४ ला टेम्पोनं कोल्हापूरच्या सभेला गेलात, रात्री आलात ते दहाच्या दहा वचनं पाठ करून. लाडक्या बहिणीला २१००, म्हाताऱ्यांच्या पेन्शनला २१००, लाइट बिलात ३० टक्के कपात, जीवनावश्यक वस्तूंचे भाव स्थिर. शिंदेसाहेब असं म्हणाले, तसं म्हणाले. निकालाला आज वर्ष झालं. आता टीव्हीवर ते दिसले की तुम्ही रिमोट उचलता, एवढं मला दिसतं. तुम्ही विश्वास ठेवलात यात चूक तुमची कशी? तारेला टोचलेली लाइट बिलं तुम्ही काढून ओळीनं लावलीत. जुलैपासून दर १० टक्के उतरणार असं जाहीर झालं होतं म्हणून जूनचं बिल आणि सप्टेंबरचं बिल शेजारी ठेवून बोटानं युनिट मोजत बसलात. खाण्याच्या तेलाचंही तसंच. गेल्या वर्षी सप्टेंबरात आयातशुल्क वाढलं ते तुम्हीच मला पेपरातून वाचून दाखवलंत, या मे महिन्यात कच्च्या तेलावरचं २० वरून १० टक्के केलं तेही. वाढलं तेव्हा दुकानदाराला दुसऱ्या दिवशी कळलं, उतरलं ते त्याला अजून कळायचंय, हे वाक्य तुमचंच. मी लॅबमध्ये सगळ्यांना सांगितलं.

आता खरं कारण. दिवाळीत सुपारी कातरायला अडकित्ता घेतला तर त्याच्या पात्याला पांढरी पूड. पानाच्या डब्यात पेपरच्या तुकड्यात गुंडाळलेल्या अर्ध्या गोळ्या. बाबा, बीपीची गोळी अडकित्त्यानं कातरून खाता? कधीपासून? आईला विचारलं तर आधी म्हणाली, "डाक्टरनीच सांगितलंय." मग रात्री भांडी घासताना हळूच म्हणाली, "वरचे सहाशे आले असते तर त्यात गोळ्या बसत होत्या गं." डिसेंबर ते ऑगस्ट, नऊ महिन्यांचे ५,४०० होतात, हेही तिनं करून ठेवलेलं. आमच्याकडे एक शब्द नाही.

तेव्हा मी एक ठरवलं आहे, आणि केलंही आहे, त्यामुळे नको म्हणून उपयोग नाही. ५ डिसेंबरपासून दर महिन्याच्या पाच तारखेला आईच्या खात्यात २१०० जमा होतील. बँकेत लिहून दिलंय, आपोआप जातील. गॅस आणि लाइट बिल माझ्या फोनवरून भरलं जाईल.

बाबा, मुलीच्या घरचं घेत नाही म्हणून तुम्ही बसणार, मला माहीत आहे. पण हे तुम्हाला नाहीच. आईचे आहेत. यांना विचारलं, ते म्हणाले मला कशाला विचारतेस. सासूबाईंना माहीत आहे. घराचा हप्ता पगारातून परस्पर जातो, चिनूची फी भरून झाली, आणि मी शनिवारी जादा ड्यूटी घेते ती तशीही घेतच होते. आमचं काही अडत नाही. तुमचं पेन्शन २,३४०. पीएफवाल्यांचं किमान पेन्शन २०१४ पासून हजारावर अडकलंय, मोर्चे काढून काढून तुमच्या सूतगिरणीतले निम्मे लोक गेले. त्यावर किती दिवस कातरत बसणार? आणि पाटल्यांचं मी काढणार नव्हते, पण तुम्ही फार ताणलंत तर काढीन.

बाबा, तुम्ही रात्रपाळीहून यायचात तेव्हा डोक्यात कापूस असायचा. मी तो वेचायची आणि तुम्ही "म्हातारा झालो बघ सुने" म्हणायचात. परवा फोटोत तसंच वाटलं. झूम करून बघितलं, तो कापूस नव्हता.

आता नीट ऐका. गोळी रोज एक, अख्खी, सकाळी चहाआधी. डॉक्टरांना घटक लिहून मागा. जनऔषधी दुकानात त्याच घटकाची गोळी पुष्कळ स्वस्त मिळते. पण आधी डॉक्टरांना दाखवायची, परस्पर बदलायची नाही. आई, गुडघ्याचा पट्टा कपाटात ठेवायला आणला नव्हता. पाणी तापवायला चूल पेटवतेस ते बंद कर, गॅस लाव, सिलिंडर दोन महिने पुरला नाही तरी चालेल. भिशी मोडू नकोस. केवायसीच्या नावानं कुणाचा फोन आला तर ओटीपी सांगायचा नाही, बाबांनी तर अजिबात नाही. आणि २१०० मधून माझ्यासाठी साडी घेतलीस तर परत पाठवीन.

आई, कॅलेंडरवर लिहायचं मात्र सोडू नकोस. पाचच्या खाली लिही, खोडावं लागणार नाही.

संक्रांतीला येते. अर्ध्या तिकिटात येते म्हणून तुम्ही खूश असता, पण जानेवारीत भाडं वाढलं तेव्हा अर्धंही वाढलंच ना. तरी येते. चिनूला तिळाच्या वड्या हव्यात, गूळ थोडा कमी घाल.

तुमची,
सुनी

ता. क. येताना अडकित्ता मी घेऊन जाणार आहे. सुपारी डॉक्टरांनी केव्हाच बंद केलीय.