मामाला काय झाले होते, हेही विचारा

महोदय,

गेल्या महिन्यात माझ्या चौतीस वर्षांच्या मुलाचा रक्ताचा रिपोर्ट आला. एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल, २१२. खूपच जास्त. मुलगा सडपातळ, निर्व्यसनी, रोज सायकल चालवणारा. डॉक्टरांनी विचारले, "वडिलांना हार्टचा त्रास?" वडील ठणठणीत, म्हणून तो "नाही" म्हणाला. तळलेले बंद, तीन महिन्यांनी या, एवढ्यावर भेट संपली. मामाची चौकशी झालीच नाही. माझा धाकटा भाऊ त्रेचाळिसाव्या वर्षी हृदयविकाराने गेला आहे.

मी कराडला एका लॅबमध्ये एकोणतीस वर्षे तंत्रज्ञ होते. कौटुंबिक इतिहास म्हणजे वडिलांचा इतिहास, असे धरून भरलेले कितीतरी फॉर्म माझ्या हाताखालून गेले. विज्ञान तसे सांगत नाही. वडील मुलाला वाय गुणसूत्र देतात. त्याचे एक्स येते फक्त आईकडून. २०२१ मध्ये 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये आलेल्या अभ्यासात एक्सवरच्या एका जागेतील बदलांचा संबंध कमी एलडीएल आणि कमी ट्रायग्लिसराइडशी (रक्तातील आणखी एक प्रकारची चरबी) दिसला. परिणाम छोटा आहे, पण पुरुषाकडे एक्सची दुसरी प्रत नसते. आईकडून आले तेवढेच त्याचे. वायबद्दल २०१२ साली इंग्लंडमधील लेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी वायचा एक विशिष्ट प्रकार असलेल्या ब्रिटिश पुरुषांत हृदयविकाराचा धोका सुमारे दीडपट असल्याचे मांडले होते. तो कोलेस्टेरॉलमुळे नव्हता, आणि पुढे यूके बायोबँक या ब्रिटनमधील लाखो लोकांच्या आरोग्य-नोंदींच्या साठ्यात तो संबंध टिकलाही नाही.

एलडीएल दोनशेच्या वर नेणारा आनुवंशिक दोष तर बहुधा एक्स-वायवर नसतोच. एलडीएल रक्तातून उचलणाऱ्या ग्राहीचे (पेशीवरच्या रिसेप्टरचे) जनुक एकोणिसाव्या गुणसूत्रावर आहे. तो दोष आई किंवा वडील, कोणाकडूनही येतो, आणि प्रत्येक अपत्यात उतरण्याची शक्यता निम्मी. साधारण अडीचशे माणसांत एकाला तो असतो. पाळी सुरू असेपर्यंत बाईच्या हृदयाला बरेच संरक्षण असते, त्यामुळे तोच दोष घेऊन आई धडधाकट फिरते आणि मामा ऐन चाळिशीत जातो. 'पोरगा मामाच्या वळणावर गेलाय' असे आपण नाकाडोळ्यांबद्दल सहज म्हणतो. दवाखान्यात मात्र आजोळ कोणाला आठवत नाही.

भावाच्या टाचेमागची कंडरा, म्हणजे पोटरी टाचेला जोडणारा दोर, जाड झाली होती. चपलेचा पट्टा तिथे घासायचा, म्हणून आम्ही चपला बदलत राहिलो. तिथे कोलेस्टेरॉल साठत होते, हे मला तो गेल्यावर वाचनात आले. आयुष्यभर दुसऱ्यांचे रक्त तपासणाऱ्या मला ते तेव्हा दिसले नाही, याचे दुःख आजही कमी होत नाही.

मुलाला मी दुसऱ्या डॉक्टरांकडे नेले, मामाची हकिगत सांगितली. त्यांनी आधी त्याची टाच चाचपली, मग स्टॅटिन हे कोलेस्टेरॉल कमी करणारे औषध सुरू केले, आणि माझेही रक्त तपासायला सांगितले. माझे एलडीएल २२४ निघाले.

दवाखान्यांना आणि आरोग्य शिबिरे भरवणाऱ्यांना माझी विनंती आहे: फॉर्मवर आई, मामा, मावशी आणि आईचे आईवडील यांच्यासाठी वेगळा रकाना ठेवा. एका घरात असा एक रुग्ण सापडला की त्याच्या भावंडांना आणि मुलांनाही बोलावून घ्या. भावाची मुलगी बावीस वर्षांची आहे. तिची तपासणी या शनिवारी आहे.

— एक निवृत्त लॅब तंत्रज्ञ, कराड