सफरचंदाबरोबर स्टोक्स मास्तरही शिकवा

मा. संपादक,
नमस्कार. मी सातारा जिल्ह्यातली निवृत्त विज्ञान शिक्षिका. दहावीच्या पुस्तकात पहिलाच धडा गुरुत्वाकर्षणाचा, पण न्यूटन म्हटलं की झाड आणि सफरचंद एवढंच सांगून मी कायम सूत्राकडे वळायचे, गणितं सोडवून घ्यायची घाई असायची. गेल्या उन्हाळ्यात मुलीकडे इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमला गेले होते, तिथून ट्रेनने ग्रँथम गावी जाऊन न्यूटनची शाळा बघून आले, आधी ईमेल करून परवानगी काढली होती. त्याच्या हेडमास्तरांची, स्टोक्स मास्तरांची, गोष्ट तिथे कळली, तेव्हापासून हे पत्र लिहायचं डोक्यात आहे.

शाळेचं नाव किंग्ज स्कूल. 1528 साली जवळच्याच रॉप्सली गावच्या बिशप रिचर्ड फॉक्सने ती नव्याने उभी केली, 1553 ला राजा सहाव्या एडवर्डची सनद मिळाली. समोर सेंट वुल्फ्रम चर्चचा उंचच उंच मनोरा. आज ही सरकारी खर्चाने चालणारी मुलांची ग्रामर स्कूल आहे, शिकायला फी नाही पण अकराव्या वर्षी परीक्षा देऊनच आत जाता येतं. वर्ग, लॅब सगळं नव्या इमारतींत, आणि न्यूटन ज्या दगडी हॉलमध्ये बसायचा तिथे आता लायब्ररी आहे. म्हणजे नुसतं स्मारक करून कुलूप नाही घातलं, पोरं तिथे बसून वाचतात, हे मला फार आवडलं. खिडकीच्या दगडी कट्ट्यावर जुन्या पोरांनी नावंच नावं कोरलीत, त्यात एक आय. न्यूटन. त्यानेच कोरलं असं तिथे मानतात. मी त्या अक्षरांवरून बोट फिरवलं आणि कर्कटकाने बाक कोरणारी आमची पोरं आठवली, किती ओरडलेय मी त्यांना!

पण खरी गोष्ट पुढची आहे. न्यूटन बारा वर्षांचा असताना शाळेत आला, गाव दहा-बारा किलोमीटरवर म्हणून एका औषधवाल्याच्या घरी राहायचा. सुरुवातीला वर्गात पार मागे होता. पवनचक्कीची मॉडेलं, पाण्याचं घड्याळ असले उद्योग मात्र सतत चालू. सतरा वर्षांचा होत आला तशी आईने शाळा सोडवून शेतीवर आणला, बाप जन्माआधीच गेलेला, घरचं बघणार कोण. याचं लक्ष कुठलं शेतात! मेंढ्या दुसऱ्याच्या रानात शिरल्या म्हणून 1659 साली 3 शिलिंग 4 पेन्स (तेव्हाची इंग्लंडमधली नाणी) दंड झाल्याची नोंद आहे. तेव्हा मामाने आईला समजावलं आणि हेडमास्तर हेन्री स्टोक्सही तिला भेटले, बाहेरगावच्या मुलांची 40 शिलिंग फी याला माफ करतो म्हणाले आणि त्याला स्वतःच्या घरी ठेवून घेतलं. 1661 ला पोरगा केंब्रिजला गेला.

हे मला तिथे नीट कळलं आणि माझ्या वर्गातला एक मुलगा डोळ्यांसमोर आला. नववीत गुरं राखायला घरी बसवला त्याला, हुशार होता, सायकलच्या डायनॅमोवर बल्ब लावून दाखवायचा. मी दोनदा त्याच्या घरी गेले, वडील म्हणाले बघू, आणि तिसऱ्यांदा मी गेलेच नाही. आज इतक्या वर्षांनीही ते टोचतं.

म्हणून पाठ्यपुस्तक करणाऱ्यांना हात जोडून विनंती आहे की त्या धड्यात चार ओळींची चौकट या मास्तरांवर द्या. आणि तोपर्यंत शिक्षकांनी निदान तोंडी तरी सांगावी ही गोष्ट, पाच मिनिटं लागतात. मेंढ्यांचा दंड सांगितला की मागच्या बाकावरची पोरंसुद्धा मान वर करतात, परवा पुतणीच्या शाळेत मी सांगून बघितलंय.

एक निवृत्त शिक्षिका, जि. सातारा